वायुगर्भ भूमीतील बोगदे

लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात २४ मार्च १९८५ रोजी एका कापडदुकानात भूगर्भातून झिरपलेल्या मिथेन वायूचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हा विल्शायर रस्त्याखालून जाऊ घातलेल्या भुयारी रेल्वेस संघराज्याच्या खजिन्यातून पैसा देण्यास अमेरिकी काँग्रेसने जी मनाई केली, ती उठण्यास २००७ साल उजाडावे लागले. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. शहराच्या उत्तर भागात सिल्मार येथे १९७१ मध्ये पाण्याच्या बोगद्यात वायूचा भडका उडून १७ कामगार प्राणास मुकले होते. मिथेन हवेत साधारणतः ५ ते १५ टक्के मिसळला म्हणजे एक ठिणगी पुरते. सबब त्याला त्या प्रमाणापर्यंत पोहोचूच द्यावयाचे नाही, हा सर्व बंदोबस्ताचा हेतू. बोगदा खणणारे बंदिस्त तोंडाचे यंत्र समोरच्या मातीचा दाब तोलीत पुढे सरकते, त्याच्या पाठोपाठ रबरी पट्ट्या बसविलेले काँक्रीटचे तुकडे जोडून भिंत वायुरोधक केली जाते, पंखे अहोरात्र हवा खेळवितात, आणि वायुमापकाने धोक्याची वर्दी देताच काम थांबवून वीज तोडली जाते. मिथेनला गंध नाही. त्याच्या सोबतीचा हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यांचा दर्प देतो खरा, पण प्रमाण वाढताच तो घ्राणशक्तीच बधिर करतो, म्हणून तेथे कामगाराच्या नाकाची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.