धरण, देश आणि माफी : आधी भावाकडे जा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

धरणासाठी, बंदरासाठी ज्यांची गावं गेली, त्यांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं. "देशासाठी दिलंत ना? मग झालं गेलं विसरा, माफ करा आता." माफीचा विषय निघाला की येशूचं नाव येतंच. म्हणून म्हटलं, येशूने क्षमेबद्दल नेमकं काय शिकवलं ते बघू आणि ते धरणाला लावून बघू.

आधी धरणाची बाजू. ती छोटी नाहीये. आपल्या उरणला पाणी येतं ते एमआयडीसीच्या रानसई धरणातून. उन्हाळ्यात ते खाली गेलं की दिवसाआड पाण्याची पाळी येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोठं उदाहरण कोयनेचं. पाटण तालुक्यातलं हे धरण 103 मीटर उंच. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात पोफळीकडे सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. प्रकल्पाची एकूण क्षमता आहे 1,960 मेगावॉट. कोळशाचं वीजकेंद्र थंड पडलं की पुन्हा सुरू व्हायला काही तास लागतात. पाण्याचे संच काही मिनिटांत सुरू होतात. संध्याकाळी सगळे एकदम लाईट, पंखा, टीव्ही लावतात, तेव्हा कोयना कामाला येते. पंडित नेहरूंनी अशा कामांना आधुनिक भारताची मंदिरं म्हटलं, ते उगाच नव्हे.

आता दुसरी बाजू. कोयनेचं काम 1950 आणि 60 च्या दशकांतलं. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला 1976 साली. म्हणजे गावं आधी उठली, नियम नंतर आले. काही कुटुंबं पार आपल्या रायगड, ठाण्यापर्यंत येऊन वसली. जमीन, सातबारा, गावठाणाच्या सोयी यांसाठी त्यांची पुढची पिढीही आंदोलनं करत राहिली. त्याही आधी, 1921 साली, मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्यात पुढे होते. मुंबईला वीज मिळाली, मावळची भातखाचरं पाण्याखाली गेली.

मग येशू काय सांगतो? शुभवर्तमानातल्या तीन गोष्टी घेऊ.

पहिली पेत्राची. तो विचारतो, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा माफ करू, सात वेळा? येशू म्हणतो, सत्तर वेळा सात. म्हणजे मोजत बसू नकोस. "माफ करा" म्हणणाऱ्यांना फक्त हीच गोष्ट आठवते.

दुसरी जक्कयची. हा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू स्वतःहून त्याच्या घरी जातो. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. बघा हं, प्रेम आधी मिळालं, पण त्यानंतर जक्कयने हिशोबाची वही बंद केली नाही, उघडली.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. येशू सांगतो, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाची तुझ्याविरुद्ध तक्रार आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. आता नेहरूंचा शब्द आठवा. धरण जर मंदिर असेल, तर तिथे फुलं वाहण्याआधी कोणाकडे जायला हवं? ज्याचं शेत पाण्याखाली आहे त्याच्याकडे. आणि उठून जायचं आहे आपण, पाणी-वीज वापरणाऱ्यांनी. त्याने येऊन आपल्याला माफी द्यायची, असं तिथे सांगितलेलं नाही.

मग क्षमा म्हणजे न्याय सोडून देणं का? ओडिशात जानेवारी 1999 मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, शिक्षाही झाली. त्यांनी सोडला तो मनातला द्वेष. कोर्टाचं काम कोर्टाने केलं.

आपल्या भागातही हे दिसतं. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. हनुमान कोळीवाड्यात जी घरं मिळाली त्यांना वाळवीने पोखरलं. जासईला जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. जक्कयच्या चौपटीपुढे साडेबारा टक्के किती, ते तुम्हीच मोजा. पण "परत द्यावं लागतं" हे तरी मान्य झालं.

ज्यांचं गेलं, त्यांच्यातले कितीतरी जण मनात द्वेष न ठेवता जगतात. मुलांना सूड शिकवत नाहीत. हीच त्यांची क्षमा आणि ती त्यांनी स्वतःच्या मनाने दिलेली आहे. ती मागायचा हक्क आपल्याला लागतो तो येणं चुकतं केल्यावर.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावात कोणी प्रकल्पग्रस्त असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय मिळालं, काय बाकी आहे, विचारा. कागद बघा, फोटो काढा, अर्ज लिहायला मदत करा. ग्रामसभेत त्यांच्या बाजूने एक प्रश्न विचारा. प्रेम हा शब्द मोठा वाटतो, सुरुवात एवढ्यावरून होते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि नळ नीट बंद करा!