त्यांना कुणी विचारलं?

1991 साली संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ पडद्यावर आला. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू पाहून आपण डोळे पुसत थिएटरबाहेर पडलो आणि घरी येईपर्यंत आपापल्या गल्लीतला एखादा नंदू आठवू लागला. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करणारा, लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचणारा. जळगावच्या जुन्या पेठांत काय किंवा धुळ्याच्या गल्ल्यांत काय, असा एक तरी असायचाच. ती मुलं आज पन्नाशी-साठीला आली आहेत. आई गेली, बाप गेला, भाऊ फ्लॅटमध्ये राहायला गेला. आता ती कुणाकडे आहेत? आणि जिथे आहेत तिथे सुखात आहेत की नाही, हे त्यांना कुणी विचारतं का?

पहिल्या प्रश्नाला निदान वाचा फुटली आहे. ‘आमच्यामागे याचं कोण?’ या काळजीपोटी नव्वदीच्या दशकात काही पालक एकत्र आले आणि त्यांच्या ‘आधार’ संस्थेने बदलापूरला प्रौढ मतिमंदांसाठी निवास उभा केला. आपल्या जळगावातही केशवस्मृती प्रतिष्ठानचं ‘आश्रय माझे घर’ आहे. तिकडे अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम अशा मुलांना लावू नका, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं सरकारशी भांडत राहिला. 2024 साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. ज्याची बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी, त्याला केवळ दाखल्यावरची तारीख उलटली म्हणून रस्त्यावर कसं सोडायचं, हा त्यांचा साधा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. छप्पर मिळालं, दोन वेळचं जेवण मिळालं, औषधपाणी झालं, की आपल्या लेखी काम संपतं. देणगीदार येतात, फळं वाटतात, फोटो निघतो. ‘बघा, किती आनंदात आहेत!’ असं म्हणून गाडीत बसतात. (केळी वाटायची तर आपल्या जिल्ह्याला तोटा नाही, पण रोज केळंच खाणाऱ्याला ते आवडतं का, हेही कुणी विचारत नाही.)

बँकेत उमेदीची सगळी वर्षं काढल्यामुळे मला ही न विचारण्याची सवय चांगली परिचयाची आहे. एक माऊली दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या तिशीतल्या मुलाला घेऊन यायची. निराधार योजनेचे पैसे त्याच्या खात्यात, पण बोलणं सगळं आईशी. काउंटरवरचे आम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहून बोलायचो. एकदा एका नव्या कारकुनाने पासबुक छापता छापता सहज त्यालाच विचारलं, “काय रे, पैशांचं काय घेणार?” तो तत्काळ म्हणाला, “शेव. तिखट.” आई चकित झाली. घरात सगळे फिकं खायचे म्हणून त्यालाही फिकंच मिळायचं. खानदेशात जन्मलेल्या माणसाला!

त्या कारकुनाला ठाऊक नव्हतं, पण प्रश्न त्याने अगदी योग्य विचारला होता. ‘तू सुखी आहेस ना?’ असं विचारलं, तर अशा माणसांकडून बहुधा ‘हो’ हेच उत्तर येतं. 1981 साली अमेरिकेत कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. नेमके उलट अर्थाचे दोन प्रश्न विचारले, तर दोन्हींना ‘हो’ म्हणणारे पुष्कळ निघाले. सुखी का? हो. दुःखी का? तेही हो. समोरच्याला नाराज करायचं नाही, हे त्यांना आयुष्याने शिकवलेलं असतं. ‘हे की ते?’ असा पर्याय ठेवला किंवा चित्रं दाखवली, की उत्तरं अधिक खरी येतात, असं या मंडळींना आढळलं.

इंग्लंडात 2010-11 पासून दरवर्षी, सरकारी मदतीवर जगणाऱ्या प्रौढांना त्यांचं समाधान विचारलं जातं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सोप्या भाषेतली, हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची वेगळी प्रश्नपत्रिका असते. गंमत अशी, की इतरांपेक्षा हेच लोक जास्त समाधानी निघतात. यावर लगेच टाळ्या पिटू नयेत. अनेकांना उत्तरं लिहायला दुसऱ्याची मदत लागते, आणि मदत करणारा पुष्कळदा सांभाळणाऱ्यांपैकीच असतो. शाखा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने मॅनेजरच्या देखत शिपायाला ‘साहेब कसे आहेत?’ विचारावं, त्यातलाच प्रकार! तरीही, विचारतात हे काय थोडं झालं?

आपल्याकडे न विचारण्याची किंमत काय असते, हे 1994 च्या फेब्रुवारीत दिसलं. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ठरवणारे सगळे शहाणे होते. ज्यांच्या शरीराबद्दल ठरलं त्यांची मर्जी हा त्यात मुद्दाच नव्हता. पुढे 2009 साली चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या अशाच एका तरुणीचा गर्भपात करावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिला मूल हवं होतं. न्यायालयाने तिचं म्हणणं मानलं. पंधरा वर्षांत एवढा फरक पडला, हेही नोंदवायला हवं.

कायद्यानेही पावलं टाकली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमून पालकत्व देण्याची सोय केली, आणि त्या समितीचा दाखला बँकांनी मानावा असं रिझर्व्ह बँकेने 2007 साली कळवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पालकत्व मर्यादित केलं: निर्णय त्या व्यक्तीच्या सोबतीने, तिच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा. कागदावर हे फार चांगलं आहे. पण इच्छा कळायची, तर शेजारी बसावं लागतं, वेळ घालवावा लागतो आणि त्याच्या भाषेत बोलावं लागतं.

भाषेचं तर फारच. जळगावबाहेरच्या एका निवासात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. चाळिशीचा एक गृहस्थ भेटला, मूळचा शिरपूरकडचा. “तुम्हाला इथे आवडतं का?” या माझ्या पुस्तकी प्रश्नाला त्याने तीनदा मान डोलावली आणि नजर फिरवली. बरोबरच्या धुळ्याच्या मित्राने त्याच्याजवळ खाली बसत विचारलं, “आठे गमस का रे तुले?”

चेहराच बदलला. “गमस,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “पन रातले लाईट बंद करतस ना, तवय भेव लागस.”

व्यवस्थापक भला माणूस होता. त्याने लगेच माणूस पाठवून दुकानातून झीरोचा बल्ब आणवला आणि त्या खोलीत लावला. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. तो गृहस्थ तिथे अकरा वर्षं राहत होता.