मिश्रण आमच्या हातात होतं

पंपावरचं पेट्रोल ई-२० झालं. लिटरमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि साध्या पेट्रोलच्या नळीवर निवड उरली नाही. हे मला लागलं, कारण टाकीत काय आणि किती मिसळायचं ते आमच्या पिढीने स्वतः ठरवलं होतं.

जर्मन संशोधक निकोलाउस ऑटोचं १८७६चं फोर-स्ट्रोक इंजिन आणि पुढची शंभर वर्षं पुस्तकांत सापडतील. मला बोलायचंय ते १९८५ नंतरच्या दशकाबद्दल. पुण्यात तेव्हा चेतक स्कूटर होती, आरएक्स १०० मोटरसायकल होती. दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, लिटरला साधारण २० मिली. कमी पडलं की पिस्टन जाम, जास्त झालं की प्लग शॉर्ट. प्लग काढला की आतलं ज्वलन कळायचं: चॉकलेटी म्हणजे ठीक, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे हवा जास्त. काजळी धरलेला सायलेन्सर जाळून साफ करायचे. गाडी चालवणाऱ्याला तिचं पोट माहीत होतं.

टू-स्ट्रोकचा दोष मोठा होता. ताजं मिश्रण आत शिरताना धूर जाण्याची वाटही उघडी असायची, त्यातलं बरंचसं न जळताच बाहेर पडायचं. १९८५च्या फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी १००ने तेच पेट्रोल नीट जाळून दाखवलं. टू-स्ट्रोक गेली हे योग्यच झालं. पण सुटं, निकृष्ट ऑइल विकणाऱ्यांनी आणि मापापेक्षा जास्त ओतणाऱ्यांनी तिचा धूर वाढवला. शिव्या मात्र एकट्या इंजिनाने खाल्ल्या.

पुढे २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, २०२०मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि नव्या गाड्यांतून हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जवळपास संपला. सेन्सर आता त्या मिश्रणाचं गणित आमच्यापेक्षा अचूक करतो, हे मान्य.

पण जुन्या गाडीला सेन्सर नाही. इथेनॉलला जळताना हवा कमी लागते आणि कार्ब्युरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. जुने रबरी भाग इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे मायलेज घटणारच. इथेनॉलमुळे उसाला भाव मिळावा, तेलाची आयात घटावी, याला माझा विरोध नाही. मात्र जुन्या गाड्या अजून लोकांची पोटं भरतात. त्यांच्यासाठी प्रत्येक पंपावर कमी इथेनॉलची एक नळी वाजवी दरात ठेवा, आणि प्रत्येक नळीवर मिश्रणाचं प्रमाण ठळक मराठीत लिहा.