पेंडीच्या खतांतील नत्राची परीक्षा

एरंडी, निंब वा भुईमूग यांची पेंड खतासाठीं विकत घेतांना आपण जो पैसा मोजतों, तो मुख्यतः तींतील नत्राचा होय. चांगल्या एरंडीच्या पेंडींत शेंकडा सुमारें 4, निंबाच्या पेंडींत सुमारें 5 व सोललेल्या भुईमुगाच्या पेंडींत सुमारें 7 भाग नत्र असतो. परंतु पेंडीच्या भुकटींत लाकडाचा भुसा अगर माती मिसळली असतां ती लबाडी नुसत्या नजरेस सहसा उमगत नाहीं. म्हणून सेंद्रिय पदार्थांतील मूलद्रव्यें रसायनशास्त्रज्ञ कशीं ओळखतात, हें शेतकरी बंधूंनीं जाणून घेणें हिताचें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कर्ब पाहूं. पेंड तापविली कीं काळी पडते. हा कोळसा म्हणजे मुख्यतः कर्बच. पण कर्ब भुशांतहि असतो. तेव्हां काळें पडणें हा पेंडीच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे. कोळसा पूर्ण जळाल्यावर राख फार उरली व ती बोटांत वाळूसारखी खरखरीत लागली, तर मात्र मातीचा संशय धरावा.

आतां नत्र. वाळलेल्या पेंडीच्या चिमूटभर पुडींत कास्टिक सोडा व चुना यांचें कोरडें मिश्रण दुप्पट घालून तें काचेच्या परीक्षानळींत जोरानें तापवावें. प्रथिनांतील नत्र अमोनियाच्या रूपानें बाहेर पडतो. हळदीच्या पाण्यांत भिजविलेला ओला कागद नळीच्या तोंडाशीं, पण नळीस न लावतां, धरावा. तो ठळक तांबूस झाला तर नत्र आहे असें समजावें. नुसता भुसा असेल तर पालट अगदीं फिका होतो. कास्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो. यासाठीं डोळ्यांवर चष्मा असावा व नळीचें तोंड कोणाकडेहि नसावें.

येथें एक सावधगिरी हवी. निकस पेंडींत अमोनियम सल्फेट मिसळलें तरी कागद तांबूस होतोच. म्हणून आधीं थोड्या पुडींत विझविलेला चुना व पाणी घालून, न तापवितां, हातानें वारा घेऊन वास पाहावा. उग्र दर्प लागलीच आला तर अमोनियमचा क्षार मिसळलेला आहे, किंवा पेंड ओलीनें कुजलेली आहे. कोरड्या पेंडींतील प्रथिनांचा नत्र थंडपणीं असा सुटत नाहीं. युरिया मात्र या थंड परीक्षेंतून निसटूं शकतो.

प्रयोगशाळेंत याहून खात्रीची रीत आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लासेन याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या 1843 सालच्या परीक्षेंत आज पदार्थ सोडियम धातूसह वितळवितात. कर्ब व नत्र मिळून सायनाइड बनतें आणि लोहाच्या क्षारानें गडद निळा रंग उमटतो. त्याच अर्कांत शिशाचा क्षार घातल्यावर काळा सांका बसला, तर गंधक आहे असें ठरतें. सोडियम पाण्याशीं भडका घेतो; हा प्रयोग घरीं मुळींच करूं नये.

परंतु या सर्व परीक्षा नत्र आहे कीं नाहीं एवढेंच सांगतात. तो किती, हें सांगत नाहींत. तें मोजण्याची रीत कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत योहान केल्डाल यानें 1883 सालीं काढली व ती अजूनहि चालू आहे. तेव्हां मोठी खरेदी करण्यापूर्वीं अनेक पोत्यांतून थोडा थोडा नमुना काढून एकत्र कालवावा, त्याचे दोन भाग करावे, एक मोहोरबंद करून आपल्यापाशीं ठेवावा व दुसरा खत-परीक्षणशाळेकडे धाडावा. घरची परीक्षा वाईट माल नाकारण्यास उपयोगी. भाव ठरवावा तो नत्राच्या आंकड्यावरून.