सीलिंग लाइटला स्मार्ट डिमर? आधी ड्रायव्हर बघा

तर मंडळी, फॉल्स सीलिंगच्या लाइटला स्मार्ट डिमर लावायचाय ना? अ‍ॅपचं नंतर बघू. लाइट खाली ओढला की वायरला एक छोटा डबा दिसतो, तो ड्रायव्हर. त्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर डिमर कितीही महाग घ्या, लाइट फडफडण्याचीच शक्यता जास्त. लिहिलेलं असेल तर मी ट्रेलिंग एज डिमर घेईन. त्याला बहुधा न्यूट्रल लागते. बोर्डावर प्लग पॉइंट असेल तर ती तिथे असतेच.

स्मार्ट लाइटच घेतले तर ही भानगड नाही. पण आईने सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं, की अ‍ॅप गप्प! भाड्याच्या घरात मात्र मी तेच घेईन.

आणि हो, सगळे लाइट विकत घेण्याआधी एकच जोडून रात्री 10 टक्क्यांवर बघा.