वृद्धांची घरसेवा : हक्क की मर्जी?

२०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या शासकीय मोहिमेत परळ-लालबागच्या चाळींतून आरोग्यसेविका दारोदार फिरल्या. हातात ऑक्सिमीटर, तापमापक आणि नोंदवही. घरात साठीच्या पुढचे कोण, साखर आहे का, दम लागतो का, याची त्यांनी विचारपूस केली. खाटेला खिळलेल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या उंबऱ्याशी पालिका अशी पहिल्यांदाच आली असेल. मोहीम संपली आणि सेविका क्षयरोग, लसीकरण या आपल्या नेहमीच्या कामांकडे वळल्या. वृद्धांची एक सेवा बंद झाली, असे कोणी म्हटले नाही. कारण सेवा म्हणून ती कधी दिलेलीच नव्हती. तो साथीचा बंदोबस्त होता. जे हक्क म्हणून दिलेले नसते ते थांबवायला ठरावसुद्धा लागत नाही.

याचे मूळ कायद्यात आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत : साफसफाई, मलनिःसारण, पाणी, दवाखाने, प्राथमिक शिक्षण इत्यादी. कलम ६३ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. घरात अडकून पडलेल्या वृद्धाला अंघोळ घालणे, त्याचे कपडे धुणे, दोन घास भरवणे हे ६१ मध्ये नाही. ६३ मध्ये ते बसवता येईल. म्हणजे मर्जीचा मामला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषय आहे. तेथे अपंगांचा वेगळा उल्लेख आहे, वृद्धांचा नाही. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात मात्र वार्धक्यातील सरकारी साहाय्य स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि अनुच्छेद ३७ प्रमाणे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. हा आक्षेप बाबासाहेबांना ठाऊक होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी उत्तर दिले ते असे की, सत्ताधाऱ्याला याचा जाब न्यायालयात नसला तरी निवडणुकीत मतदारांपुढे द्यावा लागेल. मुंबईत तो जाबच लांबणीवर पडला. ७ मार्च २०२२ रोजी पालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात नगरसेवकच नव्हते, तर म्हातारीने जाब विचारायचा होता कोणाला?

हक्क कायद्यात लिहिला की सारे झाले, असेही समजू नये. इंग्लंडात १९७० च्या कायद्याने दीर्घकाळ आजारी आणि अपंग माणसांना घरकामात मदत देण्याचे बंधन स्थानिक कौन्सिलांवर घातले होते. ग्लॉस्टरशायर काउंटी कौन्सिलने १९९४ मध्ये पैसा कमी पडतो म्हणून मायकल बॅरी या वृद्ध गृहस्थांची साफसफाईची व कपडे धुण्याची मदत बंद केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. मार्च १९९७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की, माणसाची गरज ठरवताना कौन्सिल आपली तिजोरी लक्षात घेऊ शकते. म्हणजे माणूस तितकाच लाचार, पण पैसा आटला की त्याची गरजही आटली! आपल्या ४१ व्या अनुच्छेदातली अट तिथे मागल्या दाराने शिरली. तरीही बॅरींच्या हाती एक कागद होता. त्यांची स्थिती पुन्हा तपासल्याशिवाय सेवा काढणे बेकायदा आहे, असे खालच्या न्यायालयाने कौन्सिलला बजावले होते. परळच्या म्हातारीकडे असा कागद नाही.

मग तिचे कोण करते? सून, लेक, शेजारीण. बीडीडी चाळीची १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचा सामाईक संडास; तिथवर हात धरून नेणारी बाईच असते. दादरच्या सुखवस्तू घरांत याच कामाला पगार मिळतो, आणि तो घेणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतल्या बाया किती तरी. दुसऱ्याच्या आईला न्हाऊ-माखू घालून ती संध्याकाळी घरी येते, तेव्हा तिची स्वतःची आई सकाळपासून तशीच पडलेली असते.

शासन निवृत्तिवेतन देते, २०२३ पासून महिना १५०० रुपये. पण अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिना १७५०. घरातला एक जण कंत्राटावर झाडू मारत असला तरी म्हातारी अपात्र ठरते. योजनेला नाव दिले आहे श्रावणबाळाचे. आंधळ्या आईबापांची कावड खांद्यावर वाहणाऱ्या मुलाचे! पैसा सरकारचा, आणि नावातून उपदेश मुलाला. कावड वाहायला श्रावणबाळाला कामावरून सुट्टी कोण देणार होते, हे कथेत नाही.

२०२५-२६ साठी पालिकेने ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. ग्लॉस्टरशायरने निदान पैसा नाही असे म्हटले होते. कलम ६३ खाली एक ठराव, अर्थसंकल्पात एक वेगळे लेखाशीर्ष, मानधनावर राबणाऱ्या सेविकांना कायम नोकरी, आणि खाटेला खिळलेल्या प्रत्येक वृद्धाच्या घरी आठवड्यातून दोन फेऱ्या, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. वॉर्ड कार्यालयात हे विचारायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी ६१ आणि ६३ ही दोन्ही कलमे वाचून जावे. पहिले उत्तर ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ हेच मिळेल.