गळकी तोटी आणि ऑक्सिजनची चावी

खारपाण पट्ट्यातल्या कुठल्याही घरात डोकावा. संग्रामपूर असो, जळगाव जामोद असो की शेगावकडचं एखादं गाव. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतोच. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे भूजल क्षारांनी भरलेलं. त्याचा मूत्रपिंडांशी काय संबंध, याची चर्चा बुलढाणा जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालू आहे. तोटीच्या पोटातल्या रबरी वॉशरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तोटी ठिबकू लागली की घरातलं कुणीतरी ती जोरात आवळतं. ठिबक थांबते. चार दिवसांनी पुन्हा सुरू होते, मग आणखी जोर, आणि शेवटी पान्हा.

कारखान्यातले मोठमोठे व्हॉल्व्ह याच कारणांनी गळू लागतात. रुग्णालयातलेही.

कुठल्याही व्हॉल्व्हमध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसतात. बैठक सहसा धातूची असते आणि तिच्यावर टेकणारं सील मऊ. धातू डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे आणि चरे असतात. मऊ सील दबून ते भरून काढतं, म्हणून पाणी किंवा वायू अडतो. मधे क्षाराचा एक कण आला, की आवळताना तो सीलमध्ये रुततो, बैठकीवर ओरखडा काढतो, आणि वाट तयार होते. गळतीवर उपाय म्हणून केलेली जबरदस्तीच गळती वाढवते.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या फटीतून वाफ किंवा पाणी प्रचंड वेगाने जातं आणि धातूलाही कापतं. बैठकीवर तारेने ओढल्यासारखी रेघ उमटते, म्हणून कारागीर याला ‘वायर ड्रॉइंग’ म्हणतात. एकदा ती पडली की नुसतं सील बदलून भागत नाही, बैठकच घासून सारखी करावी लागते. म्हणूनच वाफेच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर स्टेलाइट या कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूचा थर चढवतात.

सीलसाठी कोणतं रबर घ्यायचं, हा तर औषध निवडण्यासारखाच प्रश्न. नायट्राइल रबर तेलात टिकतं. गरम पाण्यासाठी आणि वाफेसाठी वापरतात ते ईपीडीएम मात्र तेल लागलं की फुगतं. जास्त उष्णतेला व्हायटॉन चालतं. 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेलं टेफ्लॉन जवळपास कुठल्याही रसायनाला दाद देत नाही, पण सतत दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते. सगळ्या जागी चालेल असं सील नाही. ‘कोणतंही बसव, काम भागव’ ही दुकानातली सवय म्हणूनच महागात पडते.

रुग्णालयात याची पहिली परीक्षा ऑटोक्लेव्हच्या दारात होते. शस्त्रक्रियेची हत्यारं 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक होतात. ते तापमान मिळण्यासाठी वाफेवर दाब लागतो आणि दाब टिकतो दाराच्या गॅस्केटमुळे. गॅस्केट कडक झालं, त्याला चीर गेली, की वाफ निसटते आणि आतलं तापमान पुरेसं चढत नाही. हत्यारं गरम होऊन बाहेर येतात, निर्जंतुक झालेली असतीलच असं नाही. हाताला लागणारी ऊब ही काही खात्री नव्हे.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळीच. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 150 बार दाब असतो, वातावरणाच्या दीडशे पट. एवढ्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन भडकू शकतं. ठिणगीचीही गरज पडत नाही. चावी झटकन उघडली तर पुढच्या बंद जागेतला वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि तिथलं प्लास्टिकचं सील पेट घेऊ शकतं. म्हणून चावी सावकाश उघडायची. घट्ट झालेली चावी सैल करायला तेलाचा थेंब सोडणं, हा घरी ऑक्सिजन लावलेल्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी कधीही करू नये असा उद्योग. रुग्णाच्या कोरड्या नाकाला व्हॅसलीन चोपडणंही टाळावं. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं.

कोविडच्या काळात जिल्हा रुग्णालयांमधून हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले. त्यांतले व्हॉल्व्ह सतत उघडझाप करत असतात. झिओलाइटची बारीक धूळ सीलवर बसली, की क्षाराच्या कणाचीच कहाणी पुन्हा घडते. यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवलं तर रबर एका जागी दबून आकार धरून बसतं. चालू ठेवणं आणि सील वेळेवर बदलणं, दोन्हीला पर्याय नाही. उद्घाटनाच्या फलकावर या खर्चाचा उल्लेख नसतो.

द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो. या थंडीत साधं रबर काचेसारखं ठिसूळ होतं. थंडीने रबराची लवचिकता जाते म्हणजे काय, हे 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातात जगाने पाहिलं. तिथे तर थंडी केवळ गोठणबिंदूच्या आसपासची होती. ओ-रिंगने दगा दिला आणि सात अंतराळवीर गेले.

ऑक्सिजनची गळती काय करू शकते, हे महाराष्ट्राने 21 एप्रिल 2021 रोजी पाहिलं. नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या आवारातल्या टाकीतून द्रव ऑक्सिजन बाहेर पडू लागला. हवेतला बाष्पकण गोठून परिसर पांढऱ्या ढगाने भरला. आत वॉर्डात पुरवठ्याचा दाब घसरला. कोविडचे 22 रुग्ण त्या दिवशी दगावले. व्हेंटिलेटर जागेवर होते, डॉक्टर आणि परिचारिका जागेवर होत्या; पाइपमध्ये दाब नव्हता.

घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या तोंडातही अशीच एक काळी रबरी रिंग असते. उन्हातान्हात ठेवलेल्या सिलिंडरची ती सुकते, चिरते. सिलिंडर देणाऱ्याने दारातच गळती तपासून द्यायची असते. घाई असली तरी त्याला थांबवून ती तपासून घ्यावी. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे उठतात. काडी ओढून पाहू नये. वास आला तर विजेचं बटण चालूही करू नये आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. मग बाहेर जाऊन 1906 वर फोन करावा.